बुधवारचा न्याय

नीरज पांडे यांचा ‘अ वेन्सडे’ हा चित्रपट ५ सप्टेंबर २००८ रोजी प्रदर्शित झाला. आज इतक्या वर्षांनंतरही त्याच्याविषयी एकमत होत नाही. नागरिकाच्या साचलेल्या संतापाला वाचा फोडणारी प्रामाणिक कलाकृती म्हणून काहींनी त्याला डोक्यावर घेतले. तर कायदा हातात घेणाऱ्याला इतक्या सभ्य चेहऱ्याने सादर करणे धोक्याचे आहे, असे काहींना वाटले. राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या सर्वोत्तम पदार्पणाचा इंदिरा गांधी पुरस्कार त्याला मिळाला. पुढच्याच वर्षी कमल हासन यांनी तो तमिळ आणि तेलुगूत आणला. २०१३ मध्ये श्रीलंकेत बेन किंग्जली यांना घेऊन त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली. मुंबईची म्हणून सांगितलेली ही गोष्ट चेन्नई, हैदराबाद आणि कोलंबोतही तितक्याच सहजतेने रुजली, याचा अर्थ तिने ज्या भावनेला हात घातला ती एका शहरापुरती नव्हती. म्हणूनच या चित्रपटाचा विचार चित्रपट-समीक्षेच्या स्तंभापुरता ठेवून चालत नाही. शासनयंत्रणेत काम करणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा थेट संबंध आहे, कारण त्यातील निर्णायक कृती सामान्य माणसाची नसून एका वरिष्ठ अधिकाऱ्याची आहे.

कथानक सर्वपरिचित आहे. एक मध्यमवयीन, चष्मा लावणारा, कोणाच्याही लक्षात राहू नये असा माणूस मुंबईतील एका अपुऱ्या इमारतीच्या गच्चीवर संगणक आणि दूरध्वनी घेऊन बसतो आणि पोलीस आयुक्तांना कळवतो, की शहरात ठिकठिकाणी बॉम्ब ठेवले आहेत. चार कैदी सोडले नाहीत तर ते फुटतील. नसीरुद्दीन शाह यांनी साकारलेला हा माणूस दहशतवादी असावा, असे पोलिसांप्रमाणेच प्रेक्षकांनाही वाटत राहते. कैदी ठरल्या ठिकाणी आणल्यावर त्यांपैकी तिघे स्फोटात मारले जातात आणि तेव्हा उलगडा होतो, की त्यांना सोडवणे हा हेतू नव्हताच. त्यांना संपवायचे होते. चौथ्याला पोलीसच गोळी घालतात आणि ती स्वसंरक्षणार्थ झाडल्याचा देखावा उभा करतात. गच्चीवरच्या माणसाचा राग ११ जुलै २००६ च्या उपनगरी गाड्यांतील स्फोटांतून आलेला असतो. अनुपम खेर यांनी उभे केलेले आयुक्त प्रकाश राठोड अखेरीस त्या माणसापर्यंत पोहोचतात, त्याला ओळखतात आणि जाऊ देतात. या प्रकरणाची लेखी नोंद कोठेही नाही, हे चित्रपट आरंभीच सांगतो.

या चित्रपटाला टाळ्या का पडल्या, हे समजून घेण्यासाठी २००८ हे वर्ष आठवले पाहिजे. १३ मे रोजी जयपूर, २५ जुलैला बंगळूर आणि दुसऱ्याच दिवशी अहमदाबाद स्फोटांनी हादरले होते. चित्रपट लागला आणि आठवडाभरात, १३ सप्टेंबरला, खुद्द दिल्लीत करोल बाग, कॅनॉट प्लेस आणि ग्रेटर कैलास येथे बॉम्ब फुटले. त्याच महिन्याच्या अखेरीस मालेगाव आणि नोव्हेंबरात मुंबई. दुसरीकडे मार्च १९९३ मधील मुंबईच्या स्फोटमालिकेचा, २५७ जणांचा बळी घेणाऱ्या कटाचा, खटला टाडा न्यायालयात २००६-०७ मध्ये निकाली निघाला होता. म्हणजे तेरा-चौदा वर्षांनी. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय येण्यास तर २०१३ उजाडावे लागले. सकाळी घरून निघालेला माणूस संध्याकाळी परत येईल याची खात्री राज्यसंस्था देऊ शकत नाही आणि तो आला नाही तर कोणामुळे आला नाही हे सांगायला तिला दीड-दोन दशके लागतात, हा अनुभव खरा होता. चित्रपटाने तो खोटा रंगवलेला नाही. त्याची ताकद तेथेच आहे आणि ती मान्य केल्याशिवाय त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

वाद आहे तो पुढच्या पायरीशी. या कथेत ज्या चौघांना मारले जाते ते दोषी आहेत, याविषयी कोणाच्याही मनात शंका नसते. पोलिसांना ते ठाऊक आहे, प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि गच्चीवरच्या माणसालाही ठाऊक आहे. ते स्वतःही आपल्या कृत्याचा इन्कार करीत नाहीत. पटकथाकाराने गुन्ह्याच्या प्रश्नाचे उत्तर अगोदरच देऊन ठेवले आहे, उरतो तो फक्त शिक्षेचा प्रश्न; आणि शिक्षा लवकर व्हावी याला कोण नकार देईल? न्यायालयांचे सारे ओझे, साक्षीपुरावे, उलटतपासणी, अपील, ही मग केवळ दिरंगाई वाटू लागते. परंतु प्रत्यक्षात न्यायसंस्था अस्तित्वात आहे ती नेमक्या त्या प्रश्नासाठी, जो पटकथेने गाळला: पकडलेला माणूस तोच आहे काय?

हा प्रश्न तात्त्विक नाही, हे ज्या घटनेवर चित्रपटाचा सारा संताप उभा आहे तिच्याच खटल्याने दाखवून दिले. ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, अवघ्या काही मिनिटांत सात स्फोट झाले. १८९ प्रवासी मृत्युमुखी पडले, आठशेहून अधिक जखमी झाले. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने तपास केला, मोक्का लावला आणि तेरा जणांवर खटला चालवला. सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांतील बारा जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. एक जण निर्दोष सुटला, पण तोवर त्याची नऊ वर्षे तुरुंगात गेली होती. फाशीची शिक्षा झालेला एक आरोपी २०२१ मध्ये तुरुंगवासातच करोनाने मरण पावला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची दोषसिद्धी रद्द केली. आरोप सिद्ध करण्यात सरकार पक्ष पूर्णपणे अपयशी ठरला, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. साक्षीदारांनी दीर्घ काळाने पटवलेली ओळख, ओळखपरेडची वैधता, छळातून घेतल्याचा आक्षेप असलेले कबुलीजबाब, जप्त वस्तूंची हाताळणी अशा एकेका मुद्द्यावर पुरावा कोसळला. कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले गेले, हेदेखील सरकार पक्षाला अभिलेखावर आणता आले नव्हते.

राज्य सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल अन्य खटल्यांत पूर्वदाखला म्हणून वापरता येणार नाही असे स्पष्ट केले, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. तेव्हा या प्रकरणातील अंतिम शब्द सर्वोच्च न्यायालयाचा असेल आणि त्याच्याविषयी तर्क करणे अप्रस्तुत ठरेल. पण तो शब्द काहीही असो, एक गोष्ट आजच स्पष्ट आहे. चित्रपटातील गच्चीवरच्या माणसाने २००८ मध्ये, ‘गाड्यांत स्फोट करणारे’ म्हणून तुरुंगात असलेल्यांचीच मागणी केली असती आणि ती पूर्ण झाली असती, तर उच्च न्यायालयाला २०२५ मध्ये निकाल देण्याचे कारणच उरले नसते. तेरावा आरोपीही, ज्याला खुद्द विशेष न्यायालयाने सोडले, त्या स्फोटात गेला असता. आणि संपूर्ण देशाने समाधानाचा सुस्कारा टाकला असता.

आणखी एक योगायोग विलक्षण आहे. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच सप्टेंबर २००८ मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने ‘इंडियन मुजाहिदीन’ या संघटनेच्या काही संशयितांना पकडले आणि त्यांच्यापैकी एकाच्या जबाबातून २००६ चे स्फोट आपल्याच टोळीने घडवल्याचा दावा पुढे आला. म्हणजे एकाच शहराच्या पोलीस दलाच्या एका शाखेचा निष्कर्ष राज्याच्या विशेष पथकाच्या निष्कर्षाला छेद देत होता. तो संशयित पुढे न्यायालयात आपल्या जबाबापासून फिरला. खरे काय, हा भाग वेगळा. पण चित्रपटगृहात प्रेक्षक ‘पोलिसांना सगळे ठाऊक असते, हात मात्र बांधलेले असतात’ या समजुतीवर टाळ्या वाजवत होता, त्याच आठवड्यांत पोलिसांच्याच दोन नस्त्यांत दोन वेगवेगळी उत्तरे लिहिली जात होती.

मालेगावची उदाहरणेही याच पंक्तीतली आहेत. सप्टेंबर २००६ मध्ये तेथे झालेल्या स्फोटांत तीसहून अधिक लोक मारले गेले. त्याच दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम तरुणांना अटक केली. पुढे तपास अन्य यंत्रणांकडे गेला, तो निराळ्याच दिशेने वळला आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने या तरुणांना आरोपातून मुक्त केले. नऊपैकी एक जण ते ऐकायला हयात नव्हता. २९ सप्टेंबर २००८ च्या दुसऱ्या मालेगाव स्फोटात आरोपी दुसऱ्या धर्माचे होते. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. रेल्वे स्फोटांच्या निकालानंतर बरोबर दहा दिवसांनी हा निकाल आला. एका निकालाने व्यथित झालेले अनेकजण दुसऱ्याने आनंदले आणि पहिल्याने समाधान पावलेले दुसऱ्याने व्यथित झाले. तपास कच्चा होता, ही दोन्ही निकालांतली समान तक्रार मात्र फार थोड्यांनी ऐकून घेतली. चित्रपटातला माणूस आपले नाव सांगत नाही, कारण नावावरून लोक धर्म शोधतात, असे तो म्हणतो. चित्रपटातील हा सर्वांत विचारी क्षण आहे. पण जो आपले नाव या कारणासाठी झाकतो, तो ज्यांना मारतो त्यांची नावे मात्र पुरावा म्हणून पुरेशी मानली जातात, या विसंगतीकडे चित्रपट पाहत नाही.

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. राज्यसंस्था खरोखरच पाठ फिरवते तेव्हा नागरिकाने काय करावे? १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयाच्या आवारातच कस्तुरबानगरातील महिलांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार केले. बलात्कार, खंडणी, खून यांनी त्या वस्तीला त्याने वर्षानुवर्षे छळले होते आणि पोलिसांकडे जाणाऱ्यांची तक्रार घेतली जात नव्हती, असे वस्तीचे म्हणणे होते. या प्रकरणातील आरोपी २०१४ मध्ये पुराव्याअभावी सुटले. या घटनेचा निषेध करताना कोणाचीही जीभ अडखळेल आणि ती अडखळावी. परंतु या दोन प्रसंगांत मोठा फरक आहे. नागपुरातल्या त्या महिलांना आपला छळ करणारा कोण हे कोणाच्या नस्तीवरून कळले नव्हते. तो त्यांच्या दारात येत होता. शिवाय त्यांनी जे केले ते राज्यसंस्थेला डावलून केले. ‘अ वेन्सडे’मधला माणूस मात्र राज्यसंस्थेच्याच माहितीवर विसंबतो, तिनेच पकडलेली माणसे मागतो, तिच्याच वाहनातून ती आणवतो आणि शेवटचा बळी तिच्याच अधिकाऱ्याच्या पिस्तुलाने घेववतो. हा दुर्बळाचा शेवटचा उपाय नव्हे. शासनाची सत्ता तिच्या मर्यादा काढून घेऊन वापरण्याचा हा प्रकार आहे.

त्यामुळे या चित्रपटाचा खरा नायक गच्चीवर नाही, नियंत्रण कक्षात आहे. आयुक्त राठोड यांच्यापुढे तीन प्रसंग येतात. बंदी असलेल्या माणसाला गोळी घालण्यास संमती द्यायची की नाही, त्या गोळीविषयी खोटा अहवाल होऊ द्यायचा की नाही आणि डोळ्यांसमोर असलेल्या गुन्हेगाराला जाऊ द्यायचे की नाही. तिन्ही वेळा ते नियम मोडतात आणि तिन्ही वेळा प्रेक्षक त्यांच्या बाजूने असतो. दिल्लीतील कृषी भवनापासून मुंबईतील मंत्रालयापर्यंत कोठेही नस्ती हाताळणाऱ्याला ठाऊक असते, की शासनाची स्मृती म्हणजे त्या नस्तीतील नोंद. टिपणी चुकीची असू शकते, शेरा पक्षपाती असू शकतो; पण तो लिहिलेला असेल तर उद्या कोणी तरी तो तपासू शकतो, बदलू शकतो, लिहिणाऱ्याला जाब विचारू शकतो. लिहिलेच नाही तर उरते ती फक्त अधिकाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी. राठोड सज्जन आहेत, म्हणून चित्रपटात ते निभावून जाते. प्रत्येक आयुक्तालयात राठोडच बसलेले असतील, अशी हमी कोणतीही भरती परीक्षा देऊ शकत नाही.

महाराष्ट्राला याची किंमत ठाऊक आहे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. त्यासंबंधीची प्रकरणे ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ने लढवली आणि त्यातून २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चकमकींच्या तपासासाठी १६ मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. प्रत्येक मृत्यूची नोंद व्हावी, तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याने करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी आणि शौर्य निर्विवाद सिद्ध होईपर्यंत संबंधितांना बढती वा पदक देऊ नये, अशा त्या सूचना आहेत. नोव्हेंबर २००६ मध्ये, म्हणजे रेल्वे स्फोटांनंतर चारच महिन्यांनी, वर्सोव्यात झालेल्या ‘लखनभैया’ चकमकीत २०१३ मध्ये तेरा पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप झाली. त्या वेळी सुटलेल्या एका नामवंत ‘चकमक-तज्ज्ञ’ अधिकाऱ्यालाही उच्च न्यायालयाने १९ मार्च २०२४ रोजी दोषी ठरवून जन्मठेप दिली. ही चकमक एका माणसाचे पूर्ववैमनस्य फेडण्यासाठी घडवली गेली, असा सरकार पक्षाचा आरोप होता. ‘देशासाठी नियम मोडला’ या वाक्याने सुरू झालेला प्रवास ‘सुपारीसाठी नियम मोडला’ या आरोपापर्यंत किती सहज पोहोचतो, ते यावरून दिसते.

हा केवळ मुंबईचा प्रश्न नाही. ६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक महिलेवरील बलात्कार आणि हत्येच्या प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. पोलिसांवर पुष्पवृष्टी झाली. दुसऱ्याच दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी जोधपूर येथे बोलताना बजावले, की न्याय तत्काळ मिळू शकत नाही आणि त्याने सूडाचे रूप घेतले तर त्याचे न्यायपण संपते. त्यांच्याच नेतृत्वाखालील खंडपीठाने निवृत्त न्यायमूर्ती विकास शिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. मुंबई उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती रेखा बलदोटा त्याच्या सदस्य होत्या. मे २०२२ मध्ये उघड झालेल्या अहवालाने सांगितले, की आरोपींवर त्यांना ठार करण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, मारल्या गेलेल्यांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवला जावा. ज्या देशाने फुले उधळली, त्या देशाने हा अहवाल किती वाचला? सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील अत्याचार प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या वाहनात गोळीने मारला गेला, तेव्हा मुंबईत लागलेल्या ‘बदला पुरा’च्या फलकांनी याचे उत्तर दिले. त्याच प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना मृत्यूस जबाबदार धरले, ही बातमी त्या फलकांइतकी मोठी झाली नाही.

या सगळ्याच्या विरुद्ध बाजूला मुंबईनेच घडवलेले एक उदाहरण आहे आणि तेही त्याच वर्षातले. चित्रपट लागून तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबची बंदूक स्वतःच्या अंगावर झेलली आणि त्याला जिवंत पकडून दिले. कसाबला जागच्या जागी मारले गेले असते तर त्या रात्री कोणीही हळहळले नसते. पण तो जिवंत राहिला म्हणूनच कट कोठे शिजला, प्रशिक्षण कोणी दिले, समुद्रमार्गे कसे आणले, हे सांगणारा पुरावा भारताच्या हाती आला. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीने पाकिस्तानला कागदपत्रे सोपवली आणि फेब्रुवारीत कटाचा काही भाग आपल्या भूमीवर रचला गेल्याची कबुली इस्लामाबादला द्यावी लागली. परराष्ट्र मंत्रालयातील कोणत्याही अधिकाऱ्याला याचे मोल सांगावे लागणार नाही. मेलेल्या आरोपीच्या आधारे कोणालाही कोंडीत पकडता येत नाही.

कसाबला वकील मिळाला, मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठ विधिज्ञ राजू रामचंद्रन यांनी न्यायमित्र म्हणून त्याची बाजू मांडली, २९ ऑगस्ट २०१२ रोजी शिक्षा कायम झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. गुन्ह्यापासून शिक्षेच्या अंमलबजावणीपर्यंत चार वर्षेही लागली नाहीत. त्याच खटल्यात स्थानिक साथीदार म्हणून उभे केलेले दोन भारतीय आरोपी मात्र पुराव्याअभावी सत्र न्यायालयात सुटले आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. देश संतापाने पेटलेला असताना एका पिंजऱ्यातील तीन आरोपींपैकी एकाला फाशी आणि दोघांची सुटका, हा निर्णय मुंबईच्या एका न्यायाधीशाने दिला. गच्चीवरून दिलेल्या न्यायात या तिघांत फरक करण्याची सोयच नव्हती.

कसाब खटल्याने आणखी एक गोष्ट सिद्ध केली: दिरंगाई ही कायद्याच्या मार्गाची अटळ नियती नाही. तपास नीट झाला, साक्षीदार सांभाळले गेले, न्यायालय रोज चालले, तर हाच कायदा चार वर्षांत पुरेसा ठरतो. अडचण अशी, की जे कसाबच्या बाबतीत घडले ते अपवाद म्हणून घडले. देशातील न्यायालयांत पाच कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. २०२२ अखेरच्या अधिकृत आकडेवारीनुसार तुरुंगांतील ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे सुमारे शेकडा ७६, कच्चे कैदी होते. या आकड्यांकडे पाहिल्यास गच्चीवरच्या माणसाची तक्रार खरी ठरते आणि त्याच वेळी त्याचा उपाय अधिक भयंकर वाटू लागतो. कारण तुरुंगात असलेला प्रत्येक जण गुन्हेगारच, हे त्याचे गृहीत या शेकडा ७६ जणांना लागू करता येत नाही.

उपाय नव्याने शोधायचा नाही, तो लिहिलेला आहे. रेल्वे स्फोटांनंतर दोनच महिन्यांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचे आदेश दिले. तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे वेगळी करावीत, हा त्यांतील एक. रस्त्यावर बंदोबस्त करून थकलेल्या उपनिरीक्षकाकडून रात्री शास्त्रशुद्ध तपासाची अपेक्षा करता येत नाही, हे त्यामागचे साधे कारण. बहुतेक राज्यांनी हे आदेश कागदावर स्वीकारले आणि व्यवहारात पातळ केले. सत्तेवर कोणताही पक्ष असो, बदल्यांची दोरी हातातून सोडण्याची इच्छा कोणालाच नव्हती. डिसेंबर २००८ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणा उभी राहिली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला कायद्याचे बळ दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे राज्यांनी टप्प्याटप्प्याने सक्तीचे करावे असे ठरवले आणि युक्तिवाद संपल्यावर निकालासाठी ३० दिवसांची, फार तर ४५ दिवसांची मुदत घातली. कायदा झाला, प्रयोगशाळा, तज्ज्ञ आणि न्यायाधीश यांची पदे भरणे हे आता प्रशासनाचे काम आहे. ते रुक्ष आहे, त्यावर चित्रपट निघत नाही. पण २००६ च्या तपासात जप्त वस्तू नीट मोहोरबंद झाल्या असत्या, ओळखपरेड वेळेवर आणि अधिकार असलेल्या माणसाने घेतली असती, तर २०२५ चा निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी त्याच्यावर विश्वास ठेवता आला असता.

आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांचा कोट घातलेला ‘सामान्य माणूस’ अर्धशतक सारे काही पाहत राहिला आणि एक शब्दही बोलला नाही. ‘अ वेन्सडे’ने त्याला बोलते केले, हे या चित्रपटाचे यश मानले जाते. पण तो जे बोलला त्यात एक मागणी नव्हती. खरा गुन्हेगार कोण, हे मला पुराव्यानिशी सांगा, असे तो म्हणालाच नाही. त्याला वाटले, ते ठरलेले आहे. पश्चिम रेल्वेच्या त्या सात डब्यांतील १८९ जणांच्या कुटुंबीयांनी मात्र हीच मागणी केली होती. एकोणीस वर्षांनंतर उच्च न्यायालयाने त्यांना सांगितले, की ज्यांना दोषी म्हणून दाखवले त्यांच्याविरुद्ध पुरावा नाही. मग बॉम्ब कोणी ठेवले, याचे उत्तर २१ जुलै २०२५ च्या त्या निकालपत्रात नव्हते आणि ते देण्याचे काम न्यायालयाचे नव्हतेही. ते काम तपासयंत्रणेचे होते, आणि त्या संध्याकाळी पहिल्या वर्गाच्या डब्यात चढलेल्या माणसांना ती तितकीच देणे लागते.